गेटसमोरचा लंबा वडा

बाई,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ भांडले, पण कागद घेऊन बसावं असं कधी वाटलं नव्हतं. आज बसलेय. दुपारचे अडीच वाजलेत. पहिली शिफ्ट सुटून बसगाड्या निघून गेल्या, कढई उतरवून ठेवलीय आणि दोघी बायका मागे भांडी घासताहेत. ऊन असं आहे की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा उभ्या बसच्या सावलीत जाऊन पडलीयत. मी बायकांना सांगितलं, अर्धा तास मला हाक मारू नका. त्यांना वाटतंय माझं डोकं दुखतंय. तुम्ही असता तर म्हणाला असता, लिहिनं-बिहिनं कायले पाह्यजे, कांदा चिरायचा हाय तो चिर. तरी लिहिते. काही गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहून गेल्यात, आणि त्यातल्या बहुतेक चांगल्या आहेत.

मी तुमच्याकडे आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. लग्नाला चार महिने झाले होते. आरमोरीकडच्या गावातून सरळ ऊर्जानगरात येऊन पडले होते. नवरा तिथल्या विजेच्या कारखान्यात ठेकेदाराकडे राखेच्या पाइपलाइनवर कामाला. खोली एवढीशी की घरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं दारात थांबायचं. तुमची टपरी कारखान्याच्या गेटसमोर, वर टिनाचं छप्पर, खाली चार बाकं, पहाटेपासून पोहे आणि आलुबोंडा आणि दोन्हींवर लाल तर्री. मी पदर डोक्यावर ओढून उभी राहिले आणि काम मागितलं. तुम्ही नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. आमच्या गावात आम्ही मासे धरणारी माणसं. शेतकऱ्यांच्या घरचे लोक आमच्या टोपलीतला मासा घ्यायचे, पण आमच्या हातचं पाणी घेत नसत. म्हणून कोण कुठली हे विचारलं की काय सांगायचं, याची मी येतानाच तयारी करून आले होते. ती वाया गेली. तुम्ही झारा न थांबवता विचारलंत, "तिखट हाताले लागते का तुह्या?"

"नाई लागत," मी म्हणाले.

"खोटं बोलते. सगळ्याइच्या हाताले लागते. लागलं तर तेल लावाचं अन काम कराचं. उद्या पाच वाजता ये."

झालं. एवढ्यावर मी तुमची झाले.

तुमचा राग मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. सकाळच्या शिफ्टचा भोंगा व्हायला दहा मिनिटं उरली आहेत. माणसांना आत कामावर नेणारी कंपनीची बस येऊन हॉर्न मारतेय. एक माणूस एका काखेत हेल्मेट आणि डबा धरून दुसऱ्या हातात आलुबोंड्याची प्लेट सांभाळतोय. खायला तिसरा हात त्याच्याजवळ नाही. बस हलली तसा तो पळाला, प्लेट कलंडली, सगळी तर्री त्याच्या शर्टावर. त्यानं प्लेट बाकावर टाकली आणि तसाच बसमध्ये चढला. मी हसले. लहानच होते, हसू आलं. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत.

"हसून काऊन राह्यली? तो आता दोन वाजेपर्यंत उपाशी राहीन."

मी बाकावरची प्लेट उचलायला वाकले.

"आपल्या हातचं अन्न मानसानं टाकलं तर चूक त्याची नाई, आपली हाय. आपन त्याले प्लेट देऊन राह्यलो, अन त्याच्याजवळ हात एकच मोकळा हाय. हे तुले दिसत नसन तर डोये कायले हायेत?"

मला फार लागलं ते. दिवसभर मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण तुम्ही दिवसभर विचार करत होतात. एका हातानं खाता येईल असं काय द्यायचं, हाच विचार. आलुबोंडा नुसता दिला तर कोरडा, तर्री दिली तर सांडते. पोह्यांचं तर विचारूच नका. कितीतरी दिवस तुम्ही गिऱ्हाइकांचे हातच बघत होतात, तोंडं बघायच्या ऐवजी.

मग ते इंजिनिअर साहेब आले, पिकलेल्या केसांचे, रोज पोहे खाणारे. परदेशात ट्रेनिंगला जाऊन आले होते. तिथले फोटो त्यांनी खिशातून काढून दाखवले. एका फोटोत ते स्वतः एका गाडीसमोर उभे राहून लांबोळका पाव खात होते, आणि त्या पावातून काहीतरी बाहेर डोकावत होतं.

"हे काय हाय?" तुम्ही विचारलंत.

"हॉट डॉग म्हणतात बाई."

"कुत्र्याचं?"

"नाही हो, नावच तसं आहे. मांसाची लांब नळकांडी असते, ती पावात घालतात. आणि गंमत म्हणजे गावागावाची तऱ्हा वेगळी. एका गावात वर नुसता कांदा आणि मोहरीची चटणी, तिथं टोमॅटोचा सॉस मागितला तर गाडीवाला रागावतो. दुसरीकडे आंबवलेली कोबी घालतात. तिसरीकडे वरून तिखट खिमा ओततात. आमचंच खरं म्हणून लोक भांडतात यावरून."

"अन खातेत कसे?"

"उभ्यानं. कारखान्यातून सुटले की गेटसमोर घेतात आणि चालता चालता खातात. एका हातानं."

तुम्ही गॅस बारीक केलात. तुमच्या टपरीवर सकाळी सहा ते नऊ गॅस बारीक झालेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. "गेटसमोर," तुम्ही म्हणालात, आणि तो फोटो तेलकट हातानंच परत मागून घेतलात.

मांस तर शक्य नव्हतं. तुम्ही म्हणालात, लाखोळीचा वडा घालू. धान निघाल्यावर त्याच ओलीवर शेतात जी लाखोळी टाकतात तिची डाळ, भरड वाटलेली, लसूण आणि हिरवी मिरची घातलेली. आपल्याकडे घरोघरी तो वडा होतो, गोल आणि चपटा. तो लांब करायचा. तुम्ही मला बेकरीवाल्याकडे पाठवलंत. तो म्हणाला, लंबा पाव इथी कोन खाईन, माह्याजवळ साचा नाई. तुम्ही स्वतः गेलात, आणि त्यानं हातानंच वळून पाव दिले. एक जाड, एक बारीक, एक पार केळ्यासारखा वाकडा.

पहिल्या दिवशी काय झालं ते आठवलं की आता हसू येतं, तेव्हा रडू आलं होतं. लांब वडा कढईत नीट दिसायचा, पण पावात घालून माणसानं चावला की मधोमध तुटून अर्धा खाली बुटावर. पातळ तर्रीनं पाव भिजून लोळागोळा. बाकावरचे लोक म्हणाले, "बाई, तुमचं कुत्रं पयून गेलं." तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठ दिवस तेच. डाळ जास्त बारीक वाटली तर वडा दगड होई, भरड ठेवली तर तुटे. आठव्या दिवशी मी कंटाळून म्हणाले, "सोडा ना बाई. आपल्या आलुबोंड्यात काय वाईट हाय?"

तुम्ही पाट्यावरून उठलात आणि म्हणालात, "तू घरी जाय."

"काऊन?"

"ज्याले सोडाचं हाय त्यानं घरी जावं. मले अजून सोडाचं नाई."

मी घरी गेले. भर सकाळी, कामाच्या वेळेला. खोलीत बसून आधी तुमच्यावर चिडले, मग स्वतःवर, मग भूक लागली. चूल पेटवताना मला माझ्या मायची आठवण आली. तळ्यातले लहान मासे ती पळसाच्या पानात घट्ट गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायची. पान उघडलं की मासा अख्खा, एक काटा हललेला नाही. मी तशीच उठले. पळसाची पानं काय, आमच्या वस्तीच्या मागे जंगलच होतं. फक्त त्या आठवड्यात तिकडे वाघ फिरत होता म्हणून शेजारणीला सोबत घेतलं आणि दोघींनी मोठमोठ्यानं बोलत पानं तोडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुमच्या आधी टपरीवर पोचले. वाटलेली डाळ पानात लांब वळून गुंडाळली, पाण्याच्या पातेल्यावर चाळणी ठेवून वाफवली, मग पानं काढून तळली. तुम्ही आलात. काही न विचारता एक वडा उचललात, दोन्ही टोकांना धरून वाकवलात. तुटला नाही. चावलात. वाफेत पानाचा वास आत उतरला होता. तुम्ही अर्धा खाल्लात, अर्धा माझ्या हातात दिलात, आणि तर्रीच्या पातेल्यातला पळा माझ्याकडे सरकवलात.

"तर्री आजपासून तुही."

बाई, मला लग्नात मिळालेलं सगळं मिळून त्या पळ्याएवढं नव्हतं. सहा वर्षांत तुम्ही मला दिलेली शाबासकी म्हणाल तर तेवढीच. त्याच दिवशी मी भाजलेलं बेसन लावून तर्री दाट केली, पावाला आतून माखता येईल अशी. आणि त्याच आठवड्यातली ती सकाळ: भोंगा होतोय, बस हललीय, आणि बसच्या प्रत्येक खिडकीत एक माणूस एका हातानं पाव धरून खातोय. एका थेंबाचा डाग कुणाच्या शर्टावर नाही. तुम्ही कमरेवर हात ठेवून रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून बस वळेपर्यंत पाहत होतात. मागून ट्रकवाला ओरडत होता, तरी हलला नाहीत. लोकांनी त्याला हाटडाग म्हटलं, मग लंबा वडा, आणि शेवटी नुसतं लंबा. दोन लंबे द्या बाई. आजही तसंच मागतात.

तुमच्या भावाबद्दल मी एकदाच विचारलं होतं. भाऊबीज होती, टपरी उघडी होती, मी विचारलं की तुम्हाला भाऊ नाही का. तुम्ही कांदा चिरत होतात. "हाय ना. गोंडपिपरीले. घर हाय, वावर हाय." मग तसंच चिरत चिरत सांगितलंत. नवरा गेल्यावर तुम्ही इथं आलात, तेव्हा कारखान्याचं बांधकाम चालू होतं, मजुरांना चहा आणि भजी देऊ लागलात. भाऊ एकदा बघायला आला. म्हणाला, आमच्या घरची बाई रस्त्यावर वडे तळते अन कोनकोनाच्या हातात देते, आता घरी येऊ नको. "मंग नाई गेली," तुम्ही म्हणालात, आणि चिरलेला कांदा माझ्याकडे ढकललात. मी तुमच्या डोळ्यांकडे पाहिलं, पण कांदा चिरणाऱ्या बाईच्या डोळ्यांवरून काय कळणार.

तुमच्या शेवटच्या आठवड्याचं जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यातल्या खाटेवरून तुम्ही मला जे शेवटचं सांगितलंत ते हे: "उन्हाळ्यात डाळ चार तासाच्या वर भिजवू नको, आंबते." मी गोंडपिपरीला निरोप पाठवला होता. कुणी आलं नाही. पण बाई, तुम्हाला न्यायला माणसं कमी पडली नाहीत. दुपारची शिफ्ट नसलेले सगळे आले. काही जण सकाळची संपवून तसेच आले, अंगावर राख, हातात हेल्मेट. खांदा द्यायला रांग लागली होती. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

पुढचं सगळं तुमच्या मागचं. टपरी मी चालवली. तीन वर्षांनी नवऱ्यानं राखेचं काम सोडलं आणि तोही कढईवर आला. तुम्ही त्याला आळशी म्हणायचात, पण तळणीत त्याचा हात चांगला आहे. मग मला वाटलं, माझ्या माहेरी करून बघावं. आरमोरीच्या बाजारात गाडी लावली. कुणी फिरकेना. "हा वडा आमी घरी खातो, इकत कोन घेईन," म्हणून लोक पुढे जायचे. तीन बाजार पाव परत घेऊन आले. चौथ्या बाजाराला सुके झिंगे विकणारी एक म्हातारी बाई शेजारी बसली होती, नात्यानं माझ्या मायची चुलत बहीण. तिनं एक लंबा मागितला, एक घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"याच्यात जीव नाई व पोरी."

तिनं पाव उघडला, स्वतःच्या डब्यातली झिंग्यांची चटणी बोटांनी आत भरली, पाव दाबला आणि खाऊ लागली. "आता झालं," म्हणाली. मला संताप आला. बाईंच्या वड्यात हात घालणारी ही कोण? मी तिला बोलणारच होते, पण तोपर्यंत बाजूचे चार लोक म्हणत होते, आम्हाले बी तसाच दे. दुपारपर्यंत पाव संपले. तिचा चटणीचा डबाही संपला. तेव्हा मला साहेबांचा तो फोटो आठवला, आणि कळलं की आता आपलंही तसंच झालंय, गावागावाची तऱ्हा वेगळी. आज आरमोरीत झिंग्यांशिवाय लंबा कुणी घेत नाही. तिथले लोक इथं आले की विचारतात, याच्यात झिंगे कुठी हायेत. इथले लोक तिकडे जाऊन नाक मुरडतात. भांडतात, बाई. तुमच्या वड्यावरून दोन गावं भांडतात.

आणि मग या हिवाळ्यात मी गोंडपिपरीला गेले. ठरवून गेले, खोटं कशाला सांगू. बसस्टँडजवळ जागा घेतली. तिथं बायकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की अंबाडीची चटणी पाहिजे, आंबट पाहिजे, म्हणून अंबाडी वाटली. चांगलं चाललं. मी रोज वाट पाहत होते आणि कुणाला विचारत नव्हते.

अकराव्या दिवशी एक म्हातारे भाऊ काठी टेकत आले, सोबत सून होती. मी लगेच ओळखलं. नाक तुमचं. समोरच्याचं ऐकताना मान एका बाजूला टाकायची सवयही तुमची. बाकावर बसले, एक लंबा घेतला, हळूहळू खाऊ लागले, दात कमी आहेत. मग विचारलं, "डाय कोनती हाय?"

"लाखोळी. इथलीच."

"हे कोनं शिकवलं तुले?"

"ऊर्जानगरले गेटसमोर एक बाई होती. तिनं."

ते थांबले. मी म्हणाले, "गोंडपिपरीची होती."

आजूबाजूला पाच-सहा माणसं खात होती, तीही थांबली. भाऊ म्हणाले, "मले निरोप आला होता. मी गेलो नाई." कुणाला उद्देशून म्हणाले कळलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं. "तू कोनाची?"

"आरमोरीकडची. मासे धरनाऱ्याइची."

सून चुळबुळली. भाऊंनी हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं. तो तोंडात टाकला. चावून झाल्यावर हात पुढे केला. "पानी दे." मी तांब्या उचलला आणि माझ्या हातानं त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. ते प्यायले, सगळ्यांसमोर, बसस्टँडवर. तोंड पुसून म्हणाले, "आनखी एक दे. हा वडा माह्या मायचा हाय. माह्या बहिनीनं तिच्याजवळूनच शिकला."

तिथली गाडी आता नवरा बघतो. भाऊ आठवड्यातून दोनदा येतात. स्वतःच्या वावरातली लाखोळी पिशवीत घालून आणतात, दुसरीकडची डाळ वापरायची नाही म्हणतात. नवीन गिऱ्हाईक दिसलं की बाकावरून सांगतात, "माह्या बहिनीचा वडा हाय हा, ऊर्जानगरले लय चालते." ज्या गावात तुमचं नाव घरात घेत नव्हते, तिथं तुमचा वडा चौकात मागतात. तुम्ही जिंकलात, बाई. पुरत्या जिंकलात.

भांडी घासून झाली, मागून आवाज येतोय. हे पत्र कुठं टाकणार, घडी करून मसाल्याच्या फळीवर कागदाखाली ठेवीन, तेल लागून एक दिवस वाचता येणार नाही असं होईल, तेही चालेल. एकच सांगते आणि उठते. त्या दिवशी भाऊंच्या ओंजळीत पाणी ओतताना लोकांना वाटलं, मला तुमची आठवण येऊन डोळे भरले. सूनबाईनं तर माझ्या पाठीवर हात ठेवला. बाई, त्या वेळी मला तुमची आठवणच आली नव्हती. मला फक्त माझी माय दिसत होती, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार उभी, आणि मला लय बरं वाटत होतं.